दुर्लक्षित इटिऑस लिवा जुनी म्हणून घ्यावी का?

आपण २०१४ ची पेट्रोल टोयोटा इटिऑस लिवा पाहिली आहे. मीटरवर ७८,००० किलोमीटर आहेत, सध्याचे मालक दुसरे आहेत आणि त्याच वर्षाच्या स्विफ्ट किंवा आय-ट्वेंटीच्या तुलनेत गाडी बरीच स्वस्त मिळते आहे. घरात चार माणसे, रोजचे तीसेक किलोमीटर आणि वर्षातून दोनतीनदा गावी जाणे एवढा आपला वापर आहे. ‘ती टॅक्सीवाल्यांची गाडी आहे’ आणि ‘कंपनीने ती बंद केली’ असे ओळखीचे लोक सांगतात, म्हणून आपण विचारले आहे की ही गाडी घ्यावी का, घेतल्यास काय काय तपासावे आणि पुढे विकताना पैसे मिळतील का.

जुन्या गाड्यांच्या बाजारात जी गाडी स्वस्त असते ती कशामुळे तरी स्वस्त असते, आणि ते कारण शोधून काढणे हे खरेदीदाराचे पहिले काम आहे. कारण गाडीच्या रंगरूपात किंवा लोकांच्या मतात असेल तर स्वस्ताई आपल्या फायद्याची ठरते. ते पत्र्यात, इंजिनात किंवा कागदपत्रांत असेल तर आधीच्या मालकाने टाळलेला खर्च आपण विकत घेतो. लिवा हे मॉडेल बव्हंशी पहिल्या प्रकारच्या कारणामुळे स्वस्त आहे, त्यामुळे मॉडेल म्हणून माझी हरकत नाही. आपण पाहिलेली नेमकी ती गाडी मात्र कोणत्या कारणाने स्वस्त आहे, हे ती लिफ्टवर चढवून आणि तिचे कागद उघडूनच कळेल.

आधी मॉडेलविषयी. इटिऑस सेडान डिसेंबर २०१० मध्ये आणि तिचीच हॅचबॅक आवृत्ती असलेली लिवा जून २०११ मध्ये बाजारात आली. बंगळूरजवळच्या बिडदी येथील कारखान्यात ती तयार होत असे. कोरोला आणि इनोव्हा पाहिलेल्या ग्राहकाने टोयोटाच्या नावावर जी अपेक्षा ठेवली होती, ती शोरूममध्ये दार उघडताच कमी होत असे. डॅशबोर्डचे प्लास्टिक कडक होते, स्पीडोमीटर चालकासमोर नसून डॅशबोर्डच्या मध्यभागी होता, पुढच्या काचेला एकच लांब वायपर होता आणि बाहेरून गाडी साधी दिसत असे. त्याच सुमारास स्पर्धक गाड्या आतून अधिक सजलेल्या मिळत असल्याने घरगुती ग्राहक तिकडे वळला. सेडान आवृत्तीला टॅक्सीचालकांनी उचलून धरले आणि त्या ओळखीचा परिणाम लिवावरही झाला. पुढे प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले तेव्हा, एप्रिल २०२० मध्ये, कंपनीने इटिऑसची सगळीच मालिका भारतात बंद केली.

आता ही कारणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या नजरेने पाहावीत. मधल्या मीटरची सवय साधारण आठवड्याभरात होते. प्लास्टिक कडक असले तरी ते सहसा तुटत नाही, मात्र खडबडीत रस्त्यावर ते थोडे खडखडते आणि ती खडखड पूर्ण जात नाही, हे मान्य करूनच गाडी घ्यावी. टॅक्सीचा शिक्का विकणाऱ्याला नडतो; घेणाऱ्याने तो वेगळ्या अर्थाने वाचला पाहिजे. जो माणूस गाडीवर पोट भरतो तो दिसण्यावर पैसे घालत नाही. गाडी रोज सकाळी चालू होणे, सुटे भाग गावोगावी मिळणे आणि इंजिन लाखो किलोमीटर टिकणे यांवर तो पैसे घालतो. बंद झालेल्या गाडीच्या सुट्या भागांची भीतीही इथे फारशी लागू होत नाही. लिवा, इटिऑस सेडान आणि इटिऑस क्रॉस या तिन्ही गाड्यांचे बरेचसे यांत्रिक भाग समान आहेत, रस्त्यावर या गाड्या अजून मोठ्या संख्येने धावत आहेत आणि त्यामुळे क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, फिल्टर यांसारख्या झिजणाऱ्या भागांना मागणी टिकून आहे. अडचण आलीच तर ती विशिष्ट वर्षाचा बंपर, हेडलॅम्प किंवा आतली पट्टी यांसारख्या दिसण्याच्या भागांत येईल, कारण मधल्या काळात गाडीचे रूप एकाहून अधिक वेळा बदलले.

आपल्या वापराला ही गाडी बसते का, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पेट्रोल लिवात १,१९७ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. त्याची ताकद ८० पीएस आणि टॉर्क १०४ न्यूटन-मीटर आहे. आकडे साधे असले तरी गाडी हलकी असल्याने शहरात ती वारंवार गिअर बदलायला लावत नाही. मागच्या सीटसमोर मधोमध उंचवटा नसून जमीन सपाट आहे, त्यामुळे तिसऱ्या माणसाचे पाय अवघडत नाहीत. डिकी २५१ लिटरची आहे, म्हणजे चौघांचे सणासुदीचे सामान दाटीवाटीने मावेल. सेडानची डिकी ५९५ लिटरची आहे. गावी जाताना सामान जास्त असेल तर तिचाही विचार करावा. भारतात लिवा फक्त पाच गिअरच्या मॅन्युअल स्वरूपात मिळत होती. घरात कोणाला ऑटोमॅटिक हवी असेल तर इथेच थांबावे. महामार्गावर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज आत येतो, हाही या गाडीचा खरा दोष आहे आणि तो कोणत्याही दुरुस्तीने जाणार नाही.

सुरक्षेविषयी एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ मध्ये घेतलेल्या चाचणीत इटिऑसला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले आणि विक्रेते हा दाखला प्रत्येक लिवासाठी देतात. मात्र चाचणी झालेल्या गाडीत पुढे दोन एअरबॅग होत्या. सुरुवातीच्या वर्षांत खालच्या श्रेणीच्या गाड्यांत त्या नव्हत्या. पुढे त्या सर्व श्रेणींत आल्या. २०१४ ची गाडी म्हणजे आपल्याला श्रेणी पाहूनच ठरवावे लागेल. स्टिअरिंगच्या मध्यभागी आणि प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण आहे का ते पाहावे आणि किल्ली फिरवल्यावर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का तेही पाहावे. दिवा लागलाच नाही तर तो काढून टाकलेला किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलेला असण्याची शक्यता असते, आणि एकदा उघडलेल्या एअरबॅगा परत न बसवताच विकायला काढलेल्या गाडीत हे मुद्दाम केलेले असते. एबीएसच्या, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, दिव्यालाही हाच नियम लावावा. माझे स्पष्ट मत असे आहे की कुटुंबासाठी लिवा घ्यायची तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलीच घ्यावी, मग ती एखाद्या वर्षाने जुनी असली तरी चालेल.

आपल्याला डिझेल लिवाही सुचवली जाईल, कारण कागदावर तिचे एव्हरेज प्रतिलिटर २३.५९ किलोमीटर आहे. तिचे १,३६४ सीसीचे इंजिन टिकाऊ आहे, याबद्दल वाद नाही. परंतु आपला वापर वर्षाला साधारण १०,००० किलोमीटर होतो. शहरात पेट्रोल गाडीने साडेचौदा आणि डिझेल गाडीने साडेअठरा किलोमीटरचे एव्हरेज दिले असे धरले, तर वर्षाला पेट्रोल सुमारे ६९० लिटर आणि डिझेल सुमारे ५४० लिटर लागेल. फरक दीडशे लिटरचा. दहा वर्षे जुन्या डिझेलचे इंजेक्टर, टर्बो किंवा उच्च दाबाचा इंधन पंप यांपैकी एकाचे काम निघाले तरी अशी काही वर्षांची बचत एकाच बिलात जाते. डिझेल लिवा वर्षाला वीस हजारांहून अधिक किलोमीटर चालवणाऱ्यासाठी आहे. शिवाय दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत कमी दरात येऊ लागल्या. त्या घेताना आपल्या राज्यात नव्याने भरावा लागणारा कर आणि नोंदणीचा व्याप दरात धरावा.

पेट्रोल गाडी घेताना आज २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या इंधनाचा विचार टाळता येत नाही. २०२५ पासून बहुतेक पंपांवर हेच पेट्रोल मिळते आणि २०१४ ची लिवा त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे एव्हरेज थोडे घटणार हे गृहीत धरावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने रबरी पाइप, सील आणि ओ-रिंग इथेनॉलमुळे लवकर फुगतात किंवा कडक होतात. म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंतची इंधनवाहिनी मेकॅनिककडून पाहून घ्यावी, पेट्रोलचा वास येतो का हे गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी तपासावे, आणि हे पाइप वयामुळे बदलायचेच असतील तर तो खर्च आधीच मोजून ठेवावा. हा दोष एकट्या लिवाचा नाही. त्या वर्षांतल्या सर्वच पेट्रोल गाड्यांना तो लागू आहे आणि तुलना करताना स्विफ्टला त्यातून सूट देऊ नये.

यानंतर प्रत्यक्ष गाडी. लिवाच्या बाबतीत मी सर्वांत आधी ती कधी टॅक्सी होती का, हे पाहतो. आरसीवर वाहनाचा वर्ग आणि आधीचा नोंदणी-प्रकार पाहावा. भाड्याच्या परवान्यावरून खासगीत रूपांतर झालेले असेल तर त्याची नोंद परिवहन विभागाकडे असते. गाडी स्वतःही बरेच सांगते. घरगुती गाडीत चालकाची सीट सर्वांत जास्त झिजते आणि मागची सीट तुलनेने नवी राहते. टॅक्सीत मागची डावी बाजू झिजते: त्या दाराचे हँडल, त्या दाराची रबरी पट्टी, त्या सीटचा कोपरा आणि तिथला पायरीचा पत्रा. वेगनियंत्रक काढल्यानंतर इंजिनच्या भागात राहिलेल्या जोडण्या, डॅशबोर्डवर मोबाइल स्टँडचे किंवा मीटरचे स्क्रूचे भोक, नंबरप्लेटच्या कडेला उरलेला जुना रंग या गोष्टीही पाहाव्यात. टॅक्सी असणे हे गाडी नाकारण्याचे कारण असलेच पाहिजे असे नाही. मात्र टॅक्सीच्या गाडीत ७८,००० किलोमीटर हा आकडा खरा असणे कठीण आहे.

आकड्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण खरेदीदाराचे डोळे नेहमी त्यावरच खिळतात. २०१४ च्या गाडीसाठी ७८,००० म्हणजे वर्षाला सात हजारांच्या आसपास. हे अशक्य नाही, पण सिद्ध झाले पाहिजे. गाडीचे सर्व्हिसिंग कंपनीच्या अधिकृत केंद्रात झाले असेल तर तारीख आणि किलोमीटरसह त्याची नोंद तिथे राहते. मालकाला सोबत घेऊन ती यादी मागवावी. त्यात किलोमीटर एकाएकी मागे गेलेले दिसले तर पुढची चर्चा करण्यात अर्थ नाही. यादी २०१८ साली थांबून त्यानंतर काहीच नसेल, तर मधल्या वर्षांची बाहेरच्या गॅरेजची बिले, पीयूसीचे जुने दाखले आणि टायर बदलल्याची पावती मागावी. टायरच्या बाजूवर चार अंकी संख्या असते: २३१९ असे लिहिलेले असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. जेमतेम वापरलेल्या म्हणवणाऱ्या गाडीवर चौथा संच चढलेला असेल तर मीटर खोटे बोलत आहे. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगची कातडी आणि गिअरच्या दांड्याची मूठ यांची झीज आकड्याशी जुळते का, हेही पाहावे. पेडलचे रबर नवेकोरे असेल तर ते का बदलले, हा प्रश्न नम्रपणे विचारावा.

पत्रा दिवसाच्या उजेडात, कोरड्या आणि धुतलेल्या गाडीवर पाहावा. संध्याकाळी किंवा पावसात गाडी पाहायला जाऊ नये. रंगाची जाडी मोजणारे यंत्र चांगल्या तपासनिसाकडे असते. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतो, दोनशेच्या पुढे गेला तर पुन्हा रंगकाम झालेले असते आणि कित्येक शे मायक्रॉन दिसले तर खाली पुट्टी असते. दारावर किंवा बंपरजवळ झालेल्या रंगकामाला मी फार महत्त्व देत नाही; आपल्या शहरांत दहा वर्षे चालून एकही ओरखडा नसलेली गाडीच मला जास्त संशयास्पद वाटते. महत्त्वाचे आहे ते हाडांचे काम. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंचे अॅप्रन (चाकांवरचे आतले पत्रे), पुढची आडवी पट्टी आणि सस्पेन्शन जिथे बसते ते भाग पाहावेत. कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके एकसारख्या अंतराने असतात आणि गॅरेजमधले तसे नसतात. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्याचा पत्रा पाहावा. दारांच्या रबरी पट्ट्या ओढून खांबांवरचे वेल्डिंग पाहावे. बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का, आणि सगळ्या काचांवर छापलेले वर्ष एकच आहे का, हे पाहायला पाच मिनिटे पुरतात. खांब किंवा चासीचा भाग कापून जोडलेला आढळला तर गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे वेगळे सांगावे लागते. २०१५ मध्ये चेन्नई, २०१८ मध्ये केरळ, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण अशा प्रत्येक मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांकडून लिलावात गेल्या आणि त्यांतल्या काही स्वच्छ होऊन पुन्हा बाजारात आल्या. लिवाचा साधेपणा इथे थोडा कामी येतो, कारण तिच्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणे कमी आहेत. पण वायरिंगमध्ये शिरलेला गंज कोणत्याही गाडीला सुखाने चालू देत नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या भागावर चिखलाची रेषा आहे का पाहावे. पुढच्या सीटखालचे रूळ आणि बोल्ट गंजले आहेत का, गालिच्याखाली बारीक गाळ आहे का, फ्यूजबॉक्समधल्या टोकांवर हिरवट थर आहे का हे पाहावे. आत सुगंधी फवारा भरपूर मारलेला असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून गाडीत दहा मिनिटे बसावे. ओलसर कुबट वास तेवढ्या वेळात वर येतो.

इंजिन थंड असतानाच तपासायचे असते. आपण पोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे मालकाला आधी सांगावे आणि पोचल्यावर बॉनेटला हात लावून खात्री करावी. रेडिएटरच्या टाकीतले कूलंट पाहावे: टोयोटाचे मूळ कूलंट गुलाबी असते. तिथे साधे पाणी किंवा गढूळ तांबूस द्रव असेल तर निगा राखली गेली नाही असे समजावे, आणि त्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या माथ्याखालचे सील, गेल्याचा संशय धरावा. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून साखळी आहे, म्हणून ठरावीक किलोमीटरनंतर ती बदलण्याचा खर्च सहसा येत नाही. परंतु इंजिन ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत साखळी आणि तिचा ताण धरणारा भाग झिजतो. थंड इंजिन सुरू होताना एखाद्या क्षणापेक्षा जास्त वेळ पुढच्या बाजूने खडखड ऐकू आली तर ती साखळीची आहे का, हे जाणत्या मेकॅनिककडून ठरवून घ्यावे. धूर निळसर असेल तर ऑइल जळत आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून तिथून जोराची फुंकर येते का पाहावे. गाडीच्या संगणकाला ओबीडी स्कॅनर लावून त्यात साठवलेले दोष वाचावेत, आणि ते नुकतेच पुसले असतील तर गाडी काही दिवसांनी पुन्हा स्कॅन करावी. बाहेरून सीएनजी किट बसवलेले असेल तर ते आरसीवर आणि विम्यात नोंदलेले आहे का, आणि टाकीची दर तीन वर्षांची दाब-चाचणी झाली आहे का, हे पाहावे. किट काढून टाकून गाडी ‘शुद्ध पेट्रोल’ म्हणून विकली जात असेल तर डिकीतली भोके ते सांगतात.

चालवून पाहण्यासाठी पाच मिनिटांचा फेरा पुरत नाही. किमान अर्धा तास, त्यात चढ, खराब रस्ता आणि थोडा मोकळा रस्ता असावा. चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना एकदम अॅक्सिलरेटर दाबावा. इंजिनचा आवाज वाढला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही तर क्लच प्लेट संपत आली आहे. गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढून येणारा ठकठक आवाज बहुधा लिंक रॉड, बुश किंवा शॉक अब्सॉर्बरच्या वरच्या माउंटिंगचा असतो. हे काम या वयात अपेक्षित आहे, महागही नाही, आणि दर कमी करण्यासाठी ते उपयोगी पडते. स्टिअरिंग वळवताना येणारी खट्ट आवाजाची ढिलाई मात्र रॅकची, म्हणजे चाके वळवणाऱ्या यंत्रणेची, असू शकते आणि तो खर्च मोठा आहे, म्हणून दोन्हीतला फरक लिफ्टवर ठरवून घ्यावा. सत्तरच्या वेगाला एकसुरी घुमणारा आवाज चाकाच्या बेअरिंगचा असतो. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकडी झाली आहे. एसी भर दुपारी, गाडी उभी असताना तपासावा. धावत्या गाडीत जवळपास सगळेच एसी बरे वाटतात.

कागदपत्रांत माझा आग्रह एवढाच आहे की पैसे देण्यापूर्वी आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः जुळवावा. एजंटने पाठवलेल्या फोटोवर विसंबू नये. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर मालकांची संख्या, बोजा, विम्याची मुदत आणि नोंदणीची मुदत दिसते. कर्ज फिटलेले असले तरी आरसीवरचा बोजा उतरवलेला नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवण्याचे काम विक्रेत्याने आधी करावे. थकलेली ई-चलने विक्रेत्याने भरावीत. मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि राज्याबाहेरची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणे बंधनकारक केले आहे. ती बसवलेली नसेल तर आपल्याला बसवावी लागेल. विम्याचे हस्तांतर व्यवहारानंतर १४ दिवसांच्या आत मागावे, आणि आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही हे हिशेबात धरावे. गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ लिहिलेल्या डिलिव्हरी नोटवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, म्हणजे आदल्या दिवशीच्या चलनावरून नंतर वाद होत नाही.

दराविषयी नेमका आकडा सांगणे मी टाळतो, कारण तो गाव, रंग आणि विक्रेत्याची घाई यांवर ठरतो. पद्धत मात्र सांगतो. तपासणीत निघालेली कामे दोन गटांत लिहून काढावीत: लगेच करावी लागणारी आणि वर्षभरात येणारी. पहिल्या गटाचा पूर्ण खर्च मागितलेल्या दरातून वजा करून बोलणी करावीत. दुसऱ्या गटासाठी खरेदीच्या किमतीच्या सुमारे १० ते १५ टक्के रक्कम स्वतःजवळ बाजूला ठेवावी. ती रक्कम उरत नसेल तर गाडी बजेटबाहेरची आहे. लिवाचा गिऱ्हाईकवर्ग लहान असल्याने विक्रेता सहसा फार ताणत नाही. आपणही घाई दाखवू नये. तपासणीसाठी गाडी आपल्या मेकॅनिककडे न्यायला मालक तयार नसेल तर मी पुढे जात नाही, मग कारण काहीही सांगितले जावो.

राहिला शेवटचा प्रश्न, पुढे विकताना पैसे मिळतील का. फारसे नाही मिळणार. २०१४ ची ही गाडी २०२९ मध्ये १५ वर्षांची होईल. त्यानंतर फिटनेस तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवता येते, त्याचे केंद्राचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरची, चौथ्या मालकाकडे जाणारी आणि बंद झालेल्या मॉडेलची गाडी विकताना आपल्याला आजच्या दराचा लहानसाच भाग परत मिळेल. दोन वर्षांत गाडी बदलायचा विचार असेल तर जास्त पैसे देऊन स्विफ्ट घेणे हिशेबाने बरोबर ठरेल, कारण तिथे पैसे परत येतात. ही गाडी तिची नोंदणी संपेपर्यंत किंवा त्यापुढेही स्वतःच चालवायची असेल, तिच्यात दोन एअरबॅग असतील, पत्रा साबूत असेल आणि सर्व्हिसची यादी अखंड असेल, तर लिवा घ्यावी. त्यासाठी त्याच दरातली एखादी थकलेली स्विफ्ट मी नाकारीन.